डोक्याचा धक्का थर्माकोल खातं

हेल्मेट घेताना आपण बाहेरचं कवच ठोकून बघतो. ते कामाचं आहेच: टोकदार दगड आत घुसू देत नाही, मार मोठ्या भागावर पसरवतं आणि डांबरावर अडकण्याऐवजी घसरतं. पण मार पचवायचं खरं काम आतल्या तीनेक सेंटिमीटर जाडीच्या थर्माकोलचं. ते चेपतं, आणि चेपताना डोक्याला थांबायला जागा देतं.

ही जागा किती मोलाची? दुचाकीस्वाराचं डोकं रस्त्यापासून साधारण दीड मीटर उंच असतं. तिथून पडलं की रस्त्याला लागताना त्याचा खाली येण्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर भरतो. गाडी ३० ने चालली होती की ६० ने, याने त्यात फारसा फरक पडत नाही. युरोपातल्या चाचणीत हेल्मेट सेकंदाला ७.५ मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर वेगाने आपटतात, म्हणजे त्याहून थोडं जास्तच. उघडं डोकं या वेगाने आपटून, समजा, ३ मिलिमीटरात थांबलं, तर त्यावरचा सरासरी भार गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ९५० पट होतो. तेच ३ सेंटिमीटरात थांबलं तर ९५ पट. अंतर दहापट, भार दहावा हिस्सा. अर्थात डोकं थेट खांबावर किंवा ट्रकच्या मागच्या भागावर गेलं, तर गाडीचा पूर्ण वेग हिशेबात येतो आणि तीन सेंटिमीटर अपुरे पडतात.

म्हणूनच आकडे मोठे असले तरी शंभर टक्के नाहीत. वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेच्या, ६१ अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००८ च्या आढाव्यात हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका ६९ टक्क्यांनी, तर मृत्यूचा ४२ टक्क्यांनी कमी दिसला. दोहोंतल्या फरकाचं एक कारण उघड आहे: छाती आणि पोटाच्या माराने जाणाऱ्याला हेल्मेट वाचवू शकत नाही. ‘हेल्मेटने मान मोडते’ हे मात्र खोटंच. अमेरिकेतल्या ४० हजारांहून अधिक जखमींच्या नोंदींत हेल्मेटधारकांच्या मानेच्या मणक्यांना उलट कमी इजा आढळली.

हेल्मेटची जुनी उणीव दुसरीकडे होती. रस्त्यावर डोकं बहुधा तिरकं आपटतं आणि गर्रकन फिरतं. दह्याचं भांडं झटक्यात फिरवलं की कडेचं दही भांड्याबरोबर जातं, मधलं मागे राहतं. मेंदूतही असाच ताण येऊन आतले तंतू आणि बारीक रक्तवाहिन्या तुटतात. कवटी शाबूत राहूनही माणूस बेशुद्ध पडतो. युरोपच्या ‘ईसीई २२.०६’ या नव्या मानकात त्यामुळे तिरक्या आघाताची चाचणी आली.

भारतात १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय चिन्हाचंच हवं. चिन्हाच्या वर ‘आयएस ४१५१’ हा हेल्मेटच्या भारतीय मानकाचा क्रमांक आणि खाली परवाना क्रमांक असतो. तो परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून बघा, कारण नुसतं स्टिकर कुणीही छापतं. आतलं कापडी अस्तर थोडं सरकवा. खाली थर्माकोल नसून नुसता मऊ फोम असेल, तर ती टोपी पावती टाळण्यापुरती. फोम जोराच्या माराखाली लगेच तळाला टेकतो आणि पुढचा सगळा मार कवटीला.

माप घेताना टेप भुवयांच्या बोटभर वर आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवा. घेर ५८ सेंटिमीटर आला तर हेल्मेटवर ५८० मिमी शोधा. घातल्यावर हेल्मेट डावी-उजवीकडे हलवलं की गालांची कातडी त्याच्यासोबत ओढली गेली पाहिजे. नवं हेल्मेट गालांना थोडं घट्ट लागतं, ते योग्यच; कपाळावर एकाच जागी टोचत असेल तर आकार चुकला. मग पट्टा लावा, मान खाली घाला आणि मागची कड वर, पुढे ढकला. निघून आलं तर ते अपघातातही निघेल. पट्टा हनुवटीच्या टोकावर नको, जबड्याखाली गळ्यालगत हवा, आणि खाली जेमतेम दोन बोटं जावीत. बक्कल न लावलेलं हेल्मेट पहिल्या आपटीतच उडतं, दुसरी आपटी उघड्या डोक्यावर. मागे बसणाऱ्यालाही हेच लागू: २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दगावले, त्यांत १४,३३७ मागे बसलेले होते.

चेपलेलं थर्माकोल पुन्हा फुगत नाही. बाहेर ओरखडाही नसला तरी आत तो भाग दबलेला असू शकतो, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाद समजावं. आरशाच्या दांडीवर रोज अडकवलं की तिथेही खळगा पडतो. आणि डाग काढायला पेट्रोल किंवा थिनर अजिबात नको: थर्माकोल त्यात विरघळतं. कोमट पाणी आणि शाम्पू पुरतो.