स्थानिक इतिहासाचे वर्ग: पैसे कोण देत आलं?

विद्यापीठ आणि गावातली मंडळी मिळून स्थानिक इतिहासाचा प्रोजेक्ट करणार, त्याला अमुक फंडाची ग्रँट मिळाली, अशी बातमी आली की वाटतं ही काहीतरी नवीन आयडिया आहे. नवीन काही नाही. दीडशे वर्षं होऊन गेली, आणि भांडण तेव्हाही तेच होतं, खर्च कोणी करायचा.

सुरुवात इंग्लंडमधली. केंब्रिजचे जेम्स स्टुअर्ट यांच्या खटपटीतून १८७३ मध्ये विद्यापीठाने नॉटिंगहॅम, डर्बी आणि लेस्टर या गावांत एक्स्टेन्शन लेक्चर्स, म्हणजे विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठी व्याख्यानं, सुरू केली. पद्धत सोपी होती, विद्यापीठ शिक्षक देणार आणि गावातली कमिटी हॉल बघणार, तिकिटं विकणार, त्या पैशातून शिक्षकाचं मानधन भागवणार. आता तिकिटावर चाललं म्हटल्यावर ज्याला परवडतं तोच येणार ना! नॉर्थंबरलंडच्या कोळसा खाणींतल्या कामगारांनी मात्र हे वर्ग उचलून धरले होते, पण १८८७ मध्ये खाणीत संप झाला, मजुरी बंद, आणि वर्गही बंद. इच्छा होती, वर्गणी नव्हती.

मग १९०३ मध्ये अल्बर्ट मॅन्सब्रिज आणि त्यांच्या बायको फ्रान्सिस यांनी कामगारांच्या शिक्षणासाठी एक संस्था काढली, तीच पुढे वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन म्हणजे डब्ल्यूईए झाली. तिचं पहिलं भांडवल किती, तर अडीच शिलिंग, तेही फ्रान्सिसबाईंनी घरखर्चातून काढलेले. (अशा गोष्टीत नाव नेहमी नवऱ्याचं मोठं होतं, ते सोडा.)

खरी मजा १९०८ ची आहे. आर. एच. टॉनी नावाचा तरुण शिक्षक डब्ल्यूईएच्या वर्गांत शुक्रवारी संध्याकाळी लाँगटनला आणि शनिवारी रॉचडेलला शिकवायचा, एकीकडे मातीची भांडी बनवणारे कामगार, दुसरीकडे कापड गिरण्यांचं गाव. वर्गाचे नियम कडक होते, जास्तीत जास्त ३० जण, दोन तास, त्यातला एक तास शिकवणं आणि एक तास नुसता वाद, वर्षाला २४ बैठका, अशी तीन वर्षं, शिवाय दर पंधरा दिवसांनी निबंध. म्हणजे दिवसभर भट्टीपाशी काम करून आलेला माणूस रात्री आर्थिक इतिहासावर निबंध लिहिणार. हा खर्च तिकिटावर निघणं शक्यच नव्हतं, म्हणून विद्यापीठाने काही भार उचलला आणि सरकारी शिक्षण खात्याची ग्रँटही त्यात आली. पण विषय काय ठेवायचा यात वर्गाचा शब्द चालायचा, आणि माझ्या मते या सगळ्या मॉडेलचा जीव तिथेच आहे. टॉनींनी १९१२ च्या आपल्या पुस्तकात विणकर, कुंभार, खाणकामगार यांनी वर्गातल्या वादात दिलेल्या शाब्दिक फटक्यांचे जाहीर आभार मानलेत, जे पुस्तकातून सहज शिकता येत नाही ते या लोकांनी शिकवलं म्हणून.

शिक्षण खात्याच्या १९२४ च्या नियमांनी ही ग्रँट पक्की झाली आणि विद्यापीठांचे बाहेरच्या लोकांसाठीचे विभाग वाढत गेले. १९४८ ला लेस्टरमध्ये डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांच्या हाताखाली स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभागच निघाला.

आता या व्यवस्थेतून काय निघू शकतं ते बघा. १९६४ मध्ये केंब्रिजला लोकसंख्येच्या इतिहासाचा एक गट सुरू झाला, त्यांना शेकडो चर्चमधल्या जुन्या रजिस्टरांतले आकडे हवे होते, दर महिन्याला बाप्तिस्मे किती, लग्नं किती, दफनं किती. हे काम पगारी माणसांकडून करून घ्यायचं तर कुठलंही बजेट पुरलं नसतं. ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी छापील फॉर्म घेऊन, पुसट झालेलं अक्षर लावत लावत ते भरले. अशा ४०४ गावांच्या आकड्यांवर १९८१ मध्ये इंग्लंडच्या लोकसंख्येचा १५४१ पासूनचा इतिहास उभा राहिला.

अमेरिकेत गाडी वेगळ्या रुळावरून गेली. २००१ मध्ये सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या आग्रहाने शाळेतल्या इतिहास शिक्षकांसाठी केंद्र सरकारची ग्रँट आली, पहिल्याच वर्षी ५ कोटी डॉलर. अट अशी की शाळांच्या डिस्ट्रिक्टने एकट्याने अर्ज करायचा नाही, सोबत विद्यापीठ, म्युझियम, लायब्ररी किंवा इतिहासाची संस्था पाहिजे. अट चांगलीच होती, पण पैसा वरून आला की विषयही वरूनच ठरतो, कायद्यात भर ‘पारंपरिक अमेरिकन इतिहासा’वर, गावाचा इतिहास त्यात बसवून घ्यायचा. २०१२ च्या बजेटमध्ये ही रक्कम शून्य झाली.

इंग्लंडमध्येही तोवर सरकारने हात आखडता घेतला होता. ज्याच्याकडे आधीच डिग्री आहे त्याने त्याच किंवा खालच्या लेव्हलचा कोर्स केला तर त्याच्यामागे विद्यापीठाला पैसे नाहीत, असं धोरण २००७ मध्ये जाहीर झालं, आणि इतिहासाच्या संध्याकाळच्या वर्गात बसणारे तर बरेचसे असेच, रिटायर्ड, शिकलेले. त्या विभागांचं कंबरडंच मोडलं.

ती जागा मग मुख्यतः लॉटरीच्या पैशाने घेतली. १९९४ पासून ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीतला काही हिस्सा ऐतिहासिक वारसा जपण्याच्या कामाला जातोय, आणि पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीच्या वेळी तर गावातल्या गटांना ३ ते १० हजार पौंडांच्या छोट्या ग्रँट मिळत होत्या आणि त्यांना मदत करायला पाच विद्यापीठांत खास केंद्रं उघडली होती. पण यात अर्ज, बजेट, टाइमलाइन सगळं आधी लिहून द्यायचं. फुकट काम करणाऱ्यांचा वेळसुद्धा अर्जात पैशात दाखवायचा असायचा, त्याचा दरही ठरलेला, साध्या कामाला दिवसाला ५० पौंड, कौशल्याच्या कामाला १५०, प्रोफेशनल असेल तर ३५०. चारशे वर्षांपूर्वीचं अक्षर घडाघडा वाचणारी रिटायर्ड बाई यातल्या कुठल्या खान्यात टाकायची, ते फॉर्म भरणाऱ्याने बघून घ्यायचं.