पचनमार्गात पसरलेला मेलॅनोमा : निदान

मेलॅनोमा हा रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग. त्वचेवरून पचनमार्गात पसरताना तो बहुधा लहान आतडे गाठतो. मोठे आतडे व जठर त्यानंतर. मेलॅनोमाने दगावलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनांत हा फैलाव निम्म्याहून अधिक जणांत आढळल्याच्या नोंदी आहेत, पण हयातीत निदान होते ते शंभरात जेमतेम दोन-चार जणांचे. थकवा, रक्तक्षय, पोटात कळा, काळी शी ही लक्षणे कशाचीही असू शकतात. त्यात लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, त्यामुळे रक्तस्राव झाकला जातो. गोळ्या नियमित घेऊनही तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन चढले नाही, तर रक्त कुठे जाते ते शोधावे. प्रौढ माणसात आतड्यात आतडे शिरले असेल, तर आत गाठ आहे असेच धरून चालावे.

निदानाची खरी किल्ली जुन्या इतिहासात असते. भारतीयांत हा रोग तळपाय, नखाखालची जागा आणि गुदमार्ग येथे तुलनेने अधिक दिसतो. गोव्यात पेडणे-सत्तरीकडे शेतात, कुळागरात अनवाणी राबणाऱ्याला टाचेवरचा काळा डाग काटा रुतल्याची खूण वाटू शकतो. ‘कधी तीळ, नख किंवा डोळा काढला होता का?’ असे थेट विचारावे; मधे दहा वर्षे गेली असली तरी. म्हापसा वा मडगावच्या जिल्हा रुग्णालयातून बांबोळीला ‘गोमेकॉ’त (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) पाठवताना हे चिठ्ठीत ठळक लिहावे, आधी काढलेल्या ऊतकाच्या जुन्या स्लाइड व मेणातले ब्लॉक सोबत द्यावेत.

तोंडातून व गुदद्वारातून घालायच्या नेहमीच्या दोन्ही दुर्बिणींतून लहान आतड्याचा बराचसा भाग दिसतच नाही. त्यासाठी सीटी एंटेरोग्राफी (आतडे द्रवाने भरून काढलेला सीटी स्कॅन) करावी. आतडे अरुंद नसल्याची खात्री झाल्यावरच सुमारे २६ मि.मी. लांबीची कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला द्यावी, नाहीतर ती अडकते. तपासणीसाठी गाठीचा तुकडा घ्यायला बलून एंटेरोस्कोपी (फुग्याच्या मदतीने लहान आतड्यात खोल जाणारी दुर्बीण) लागते. गाठी काळ्याच असतील असे नाही. रंगहीन गाठी फिक्या, मधोमध व्रण असलेल्या दिसतात.

तुकडा १० टक्के फॉर्मलिनमध्ये ठेवावा. मेलॅनोमा ओळखणाऱ्या एस-१००, सॉक्स-१०, एचएमबी-४५ आणि मेलॅन-ए या प्रथिनांच्या रंगचाचण्या एकत्र वाचाव्यात. मेलॅनोमात सीडी-११७ ही चाचणीही सकारात्मक येऊ शकते. केवळ तिच्यावर विसंबले तर ‘जिस्ट’ (पचनमार्गाच्या भिंतीतील वेगळ्या प्रकारची गाठ) असा चुकीचा अहवाल जातो, म्हणून जिस्ट ओळखणारी डॉग-१ चाचणी सोबत लावावी. मेलॅनिन (पेशींतले काळे रंगद्रव्य) दाट असेल तर चाचणीचा तपकिरी रंग त्यात हरवतो. अशा वेळी लाल रंगद्रव्य वापरावे किंवा मेलॅनिन आधी विरंजित करावे. तुकडा लहान असल्यास ब्लॉक पुन्हापुन्हा कापू नये. औषध ठरवणाऱ्या बीआरएएफ जनुकाच्या चाचणीसाठी पुरेसे ऊतक सुरुवातीलाच राखून ठेवावे.