अमावस्या एकच, दिवाळ्या दोन: पंचांगाच्या भांडणामागची जुनी गोष्ट

२०२५ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला की २१ ला यावरून आमच्या सोसायटीत जवळजवळ युद्धच झालं. काशीचे पंडित म्हणाले २०, आपली महाराष्ट्रातली बरीचशी पंचांगं म्हणाली २१, सरकारी सुट्टी २१ ला, शेअर बाजाराचं मुहूर्त ट्रेडिंग पण २१ ला आणि तेही भर दुपारी पावणेदोनला. आमच्या मजल्यावरच्या उत्तर भारतीय कुटुंबाने २० ला पूजा उरकून २१ ला आम्हाला फराळ दिला तेव्हा आमची रांगोळी चालू होती. आदल्या वर्षीही हेच, ३१ ऑक्टोबर की १ नोव्हेंबर. मग कोणीतरी लिहिलं की आपल्यात एकी नाही म्हणून असं होतं, दुसऱ्याने लिहिलं मोबाईलच्या जमान्यात कसली तिथी घेऊन बसलात, आणि तिसऱ्याने नेहमीप्रमाणे नेहरूंवर ढकललं.

गंमत म्हणजे या तिसऱ्याचं अगदीच चुकीचं नव्हतं, नेहरूंचा संबंध आहे. पण तो त्याला वाटतो तसा नाही.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. आकडेमोडीवरून भांडण नव्हतंच. अमावस्या २० ला दुपारी पावणेचारच्या सुमारास लागली आणि २१ ला संध्याकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना संपली, हे काशीलाही मान्य आणि सोलापूरच्या दाते पंचांगालाही मान्य. वाद होता तो नियमाचा, म्हणजे प्रदोषकाळी (सूर्यास्तानंतर लगेच) अमावस्या हवी हे धरायचं की दुसऱ्या दिवशी ती एवढा वेळ आहे तर दुसरा दिवस घ्यायचा. प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर डेटा सेम, इफ-एल्सची कंडिशन वेगळी. पण दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी डेटाच सेम नव्हता, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

महाराष्ट्रात तेव्हा पंचांग म्हणजे ग्रहलाघव. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास लिहिलेला ग्रंथ. मी धार्मिक वगैरे माणूस नाही, पण या ग्रंथाची आयडिया कळली तेव्हा मला माझ्याच जातीचा माणूस सापडल्यासारखं झालं. जात म्हणजे आपली, कोड लिहिणाऱ्यांची. जुन्या सिद्धांतग्रंथांमध्ये युगाच्या सुरुवातीपासून दिवस मोजत यायचं, आकडे अवाढव्य, वर ज्या-चाप म्हणजे साइनची सगळी झंझट. या गड्याने ती ज्या-चापाची भानगडच काढून टाकली, साध्या गुणाकार-भागाकारात ग्रह बसवले, आणि दिवस मोजायला ११ वर्षांचं एक चक्र घेतलं, ४०१६ दिवसांचं, ते भरलं की चक्राचा आकडा एकने वाढवायचा आणि दिवस परत शून्यापासून. आकडा कधी चार अंकांच्या पुढे जातच नाही. युनिक्सचं घड्याळ २०३८ ला ओव्हरफ्लो होणार म्हणून आपण डोकं धरतो, आणि इथे पाटीवर खडूने गणित करणाऱ्यासाठी ओव्हरफ्लोचा बंदोबस्त पाचशे वर्षांपूर्वीच केलेला. गावोगावचे जोशी त्यावर पंचांग करू शकले ते त्यामुळेच.

पण शॉर्टकट तो शॉर्टकट, थोडी थोडी चूक साचत जाते. एकोणिसाव्या शतकापर्यंत पंचांगातली ग्रहणाची वेळ आणि आकाशातली वेळ यांत उघड फरक पडायला लागला होता. तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांनी युरोपियन कोष्टकांच्या आधारावर १८६० मध्ये मराठीत ग्रहसाधनाची कोष्टकं छापली आणि १८६५ पासून पटवर्धनांच्या आश्रयाने नवं पंचांग काढलं. पटवर्धनी पंचांग. आकाशात दिसतं ते पंचांगात आलं पाहिजे, एवढाच आग्रह.

लोकांनी ते डोक्यावर घेतलं असेल असं वाटत असेल तर तसं काही झालं नाही. एक तर आकडे साहेबाचे, त्यांच्यावर आमचं श्राद्ध कसं करायचं? आणि दुसरा आक्षेप जास्त भारी होता. परंपरेत एक सूत्र होतं, बाणवृद्धी रसक्षय. बाण म्हणजे ५, रस म्हणजे ६. तिथी ६० घटिकांची धरली तर जास्तीत जास्त ५ घटिका वाढते आणि ६ घटिका घटते, आणि एकादशी कधी, श्राद्ध कधी याचे धर्मशास्त्राचे नियम हे गृहीत धरूनच बसवलेले. नव्या सूक्ष्म गणिताने तिथी ७ पर्यंत वाढायची आणि १० पर्यंत घटायची. एक घटिका म्हणजे २४ मिनिटं, म्हणजे फरक किरकोळ नाही. शास्त्री म्हणायचे चंद्र तुमचा बरोबर असेल हो, पण आमचे नियम मोडतात त्याचं काय. लायब्ररी अपग्रेड केली आणि वर चाललेला सगळा जुना कारभार कोसळला, हे ज्याने भोगलंय त्याला या शास्त्र्यांची बाजूही थोडी समजेल. मला तरी समजते.

केरूनाना डेक्कन कॉलेजात शिकवायचे आणि त्यांचा लाडका विद्यार्थी होता बाळ गंगाधर टिळक. टिळकांना आपण केसरी, गणेशोत्सव आणि मंडालेमध्ये अडकवून ठेवलंय, पण मुळात हा माणूस गणिताचा. ज्या १८९३ मध्ये सार्वजनिक गणपतीचा जोर सुरू झाला त्याच वर्षी त्यांचं ओरायन छापून आलं, मृग नक्षत्रावरून वेदांचा काळ काढणारं. एका हातात राजकारण, एका हातात धर्म आणि डोक्यात अयनचलन. आजच्या एखाद्या नेत्याला अयनांश म्हणजे काय विचारून बघा.

आता हे अयनांश जरा सांगावंच लागेल, सगळी मारामारी तिथेच आहे. वर्तुळाला सुरुवात नसते, कुठेतरी शून्य आपण धरायचं असतं. पाश्चात्त्यांनी शून्य धरलं वसंतसंपातावर, जिथे सूर्य आला की दिवस-रात्र समान होतात, पण तो बिंदू ताऱ्यांच्या मानाने सरकतो, साधारण ७२ वर्षांत एक अंश. आपल्याकडे शून्य ताऱ्यांना बांधलेलं. या दोन शून्यांमधलं अंतर म्हणजे अयनांश. कोणत्या ताऱ्याला? केरूनाना आणि टिळक म्हणाले रेवतीला, मीन राशीतला एक मिणमिणता तारा, पुण्यातून दिसायची आता आशाच सोडा. दुसरा पक्ष म्हणाला चित्रेला, ती चांगली ठळक आहे, ती बरोबर १८० अंशांवर धरा म्हणजे शून्य समोरच्या बाजूला आपोआप मिळतं. हे दोन तारे खरंच एकमेकांसमोर असते तर काही प्रश्नच नव्हता, पण नाहीयेत, जवळजवळ ४ अंशांनी हुकतात. झाले दोन पक्ष, रैवत आणि चैत्र.

चैत्र पक्षातलं मोठं नाव व्यंकटेश बापूजी केतकर, ज्योतिर्गणित हा ग्रंथ लिहिणारे. पेशाने शाळामास्तर. यांनी १९११ मध्ये नेपच्यूनच्या पलीकडच्या ग्रहांचं भाकीत फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत छापून आणलं होतं. १९३० ला प्लूटो सापडला तेव्हा ते हयात होते. (प्लूटो एवढासा आहे की अशी सगळीच भाकितं योगायोग ठरली, पण मास्तरकी करता करता ही आकडेमोड करणाऱ्या माणसाला सलाम ठोकावाच लागतो.) मुंबई, पुणे, सांगली अशी ज्योतिष संमेलनं भरली, ठराव झाले, आणि टिळकांच्या बाजूचं पंचांग टिळक पंचांग म्हणून चालू राहिलं. आजही निघतं.

४ अंश म्हणजे सूर्याचे साधारण ४ दिवस. ४ दिवसांनी काय होतं? माझ्या मावशीला विचारा. ती रत्नागिरीकडची आणि तिच्या सासरी टिळक पंचांग. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत (म्हणजे पुढच्या राशीत प्रवेश) येत नाही तो अधिक महिना, हा नियम दोन्हीकडे सारखाच. २०२३ मध्ये अमावस्या होती १६ ऑगस्टला आणि सिंह संक्रांत १७ ला, एका दिवसाने हुकली, म्हणून सगळ्या महाराष्ट्राला अधिक श्रावण. टिळक पंचांगात हीच संक्रांत चार दिवस आधी, म्हणजे अमावस्येच्या अलीकडे, म्हणून तो साधाच श्रावण आणि लगेच पुढे भाद्रपद. मावशीकडे गणपती बसला २० ऑगस्टला आणि बाकी सगळ्यांकडे १९ सप्टेंबरला. मी सोमवारची सुट्टी मागितली तर मॅनेजर म्हणाला अरे गणपती तर पुढच्या महिन्यात आहे, आणि पुढच्या महिन्यात परत मागितली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यातही गंमत बघा, टिळकांनी गाजवलेला सार्वजनिक गणपती मात्र टिळक पंचांगाने बसत नाही, तो सगळ्यांबरोबर.

आणि त्याच वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले, २८ सप्टेंबर. मुंबईत मुस्लिम समाजाने जुलूस एक दिवस पुढे ढकलला, सरकारने २९ ची सुट्टी दिली, शांतपणे सगळं पार पडलं आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात राहिलं नाही. हिजरी सनात अधिक महिना नाही, त्यामुळे ते दरवर्षी अकराएक दिवस मागे सरकतं आणि अधूनमधून असं आपल्या सणांवर येऊन बसतं. त्यांच्यातही चंद्र बघून आणि गणिताने असे दोन पक्ष आहेतच, बोहरी लोक कोष्टकाने चालतात म्हणून त्यांची ईद बहुतेक वेळा आधी.

आता नेहरू. स्वातंत्र्यानंतर देशात वेगवेगळी मिळून ३० पंचांगं चालू होती. १९५२ मध्ये, नेहरूंच्याच कारकिर्दीत, सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन परिषदेने एकच पंचांग ठरवायला समिती नेमली, अध्यक्ष मेघनाद साहा, म्हणजे ताऱ्यांच्या तापमानाचं समीकरण लिहिणारा भौतिकशास्त्रज्ञ, जो त्याच वर्षी कलकत्त्यातून लोकसभेवर निवडून आला होता. समितीत नागपूरचे के. ल. दफ्तरी होते आणि पुण्याचे ज. स. करंदीकर, तेही केसरीचे माजी संपादक. म्हणजे टिळकांच्या खुर्चीत बसून गेलेला माणूस त्या समितीत, आणि समितीने निवडली काय तर चित्रा! २१ मार्च १९५६ ला अयनांश २३ अंश १५ कला. सचिव होते निर्मलचंद्र लाहिरी, म्हणून जग त्याला लाहिरी अयनांश म्हणतं.

तडजोडी तर अशा की वाचून हसू येतं. सरकारी महिने सायन, ऋतूंना धरून, सणवार मात्र निरयन, ताऱ्यांना धरून, कारण सण हलवायची कोणाची छाती नव्हती. आणि देशभरासाठी एकच सूर्योदय कुठला धरायचा? अक्षांश उज्जैनचा, २३ अंश ११ कला, परंपरेचा मान म्हणून, आणि रेखांश भारतीय प्रमाणवेळेचा, साडेब्याऐंशी. हे दोन्ही जिथे छेदतात ती जागा मी एकदा नकाशावर काढली. ती येते छत्तीसगडच्या कोरिया जिल्ह्यात, बैकुंठपूरच्या आसपास. भारताचा अधिकृत धार्मिक सूर्य तिथे उगवतो आणि तिथल्या लोकांना बहुतेक याचा पत्ताच नसावा.

साहा फेब्रुवारी १९५६ ला गेले आणि २२ मार्च १९५७ पासून, १ चैत्र १८७९, राष्ट्रीय सौर दिनदर्शिका लागू झाली. राजपत्रावर, आकाशवाणीवर. लोकांनी तिचं काय केलं? काही नाही. मी एकदा हौसेने चेकवर तारीख टाकली, १४ अग्रहायण १९४०. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने चालतं. काऊंटरवरच्या बाईंनी चेक उलटसुलट बघितला आणि अगदी मनापासून म्हणाल्या, ‘सर, हा चेक तर १९४० चा आहे, एक्स्पायर झालाय.’ बँकेचं नाव सांगत नाही, त्या बाईंचा काही दोष नव्हता.

लोकांपर्यंत पोचलं ते वेगळंच, १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी काढलेलं कालनिर्णय. एका चौकोनात संकष्टी, त्याच पानावर ईद, नाताळ, पतेती, आणि पाठीमागे रेसिपी. सेक्युलॅरिझमवर जेवढी भाषणं मी ऐकली त्यापेक्षा हे पान मला जास्त पटतं. दुधाचा हिशेब पण त्याच्यावरच लिहिला जातो.

हल्ली मात्र कालगणनेला परत झेंडा लावायचं चाललंय. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की शून्य रेखावृत्त ग्रीनिचवरून उज्जैनला आणायचं. फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी उज्जैनला ८५ फुटी मनोऱ्यावर वैदिक घड्याळ बसलं, सूर्योदय ते सूर्योदय ३० मुहूर्तांचं, आणि आठवड्याभरात त्याच्यावर सायबर हल्ला झाल्याची बातमी आली. मला घड्याळाचा राग नाही, उलट असलं काही दिसलं की मी आधी त्याचं रिफ्रेश लॉजिक काय असेल हा विचार करतो. चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची, की केरूनाना, केतकर, दफ्तरी हे लोक एकमेकांशी अंशाच्या कला-विकलांवरून भांडले, चुका दाखवल्या, चुका सुधारल्या, आणि आता त्यांचं नाव घेणारे म्हणतात आमच्याकडे सगळं आधीच परफेक्ट होतं. आणि दुसरीकडचे म्हणतात पंचांग म्हणजे थोतांड. मुहूर्त बघून गाडी घेणं वेगळं आणि चंद्र कुठे आहे हे काढणं वेगळं, एवढाही फरक करायचा नसेल तर काय बोलणार.

आज कुठलंही पंचांगाचं ॲप उघडा, आतमध्ये बहुतेक वेळा स्विस एफेमेरिस नावाचं ग्रहांची स्थानं काढणारं सॉफ्टवेअर असतं, १९९७ पासून उपलब्ध असलेलं, नासाच्या जेपीएलच्या आकड्यांवर उभारलेलं. सेटिंगमध्ये जा, अयनांश नावाचा एक ड्रॉपडाऊन दिसेल, लाहिरी, रामन, कृष्णमूर्ती, रेवती. डिफॉल्ट लाहिरी. एवढी संमेलनं, ठराव, टिळक, साहा, सगळे त्या एका ड्रॉपडाऊनमध्ये बसलेत आणि बहुतेकांनी तो कधी उघडलेलाही नसतो.

मी गेल्या वर्षी छोटीशी स्क्रिप्ट लिहिली. लाहिरीच्या जागी रेवती टाकलं, एकच ओळ, आणि २०२३ चा गणपती १९ सप्टेंबरवरून उडी मारून २० ऑगस्टवर गेला. खूप भारी वाटलं, लगेच मावशीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं केलंस हो, पण पुढचा कधी वेगळा येतोय तेवढं आत्ताच काढून दे. गणपतीच्या शाळेत पाट आधी द्यावा लागतो, नायतर तो मूर्तीवाला म्हणतो की सगळ्यांचे रंगवून झाल्यावर तुमचा.’

स्क्रिप्ट आता २०५० पर्यंत चालवून यादी पाठवलीय. तिने ती कालनिर्णयच्या मागे टाचणीने लावलीय.