पर्वतांची व्यक्तिनामे (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

एखाद्या पर्वताला त्या परिसरातील आद्य वसाहतकाराचे, वाटाड्याचे, सर्वेक्षकाचे किंवा खाणशोधकाचे नाव देण्याची प्रथा. असे नाव बहुधा आधी लोकांच्या बोलण्यात रुळते आणि नंतर नकाशावर येते. त्यासाठी शिखर सर केलेले असावेच लागते असे नाही : झेब्युलन पाइक याला १८०६ मध्ये माथा गाठता आला नाही, तरी कोलोरॅडोतील ते शिखर ‘पाइक्स पीक’ म्हणूनच ओळखले जाते.

एकाच ठिकाणाची वेगवेगळ्या नकाशांवर वेगवेगळी नावे छापली जात असल्याने १८९० मध्ये संघराज्य सरकारने भौगोलिक नाममंडळ स्थापन केले. नावाचा प्रस्ताव कोणीही मांडू शकतो. त्यावर संबंधित राज्याचे नामप्राधिकरण, स्थानिक शासन आणि मूलनिवासी जमाती यांची मते मागवली जातात. व्यक्तीच्या निधनाला किमान ५ वर्षे झालेली असावी लागतात आणि तिचा त्या स्थळाशी प्रत्यक्ष व दीर्घकाळचा संबंध किंवा त्या परिसरासाठी तिचे भरीव कार्य दाखवावे लागते. केवळ जमिनीची मालकी किंवा त्या डोंगरावर अपघाताने आलेला मृत्यू एवढे कारण सहसा पुरेसे मानले जात नाही. संरक्षित वन्यप्रदेशांत नवी नावे सहसा दिलीच जात नाहीत.

मंडळ स्थापन होण्यापूर्वी नावे कशी ठरत, हे नॉर्थ कॅरोलायनातील ब्लॅक पर्वतरांगेत चांगले दिसते. प्राध्यापक एलिशा मिचेल यांनी १८३५ मध्ये वायुभारमापकाच्या साहाय्याने तेथील शिखरांची उंची मोजली. पुढे त्यांचेच माजी विद्यार्थी आणि राजकारणी टॉमस क्लिंगमन यांनी, मिचेल यांनी मोजलेले शिखर सर्वोच्च नसून सर्वोच्च शिखर आपणच मोजले, असा दावा केला. मोजणी पडताळण्यासाठी १८५७ मध्ये पुन्हा डोंगरावर गेलेले मिचेल एका धबधब्यापाशी कोसळून मरण पावले. दहा दिवसांच्या शोधानंतर, पुसट झालेल्या खुणांवरून त्यांचा माग काढला तो टॉम विल्सन या स्थानिक अस्वल-शिकाऱ्याने. दुसऱ्या वर्षी मिचेल यांचे अवशेष माथ्यावर आणून पुरण्यात आले, आणि मिसिसिपी नदीच्या पूर्वेस सर्वांत उंच असलेले हे २,०३७ मी. उंचीचे शिखर ‘माउंट मिचेल’ झाले. वादाचा निकाल मोजमापाने लागला की मृत्यूने, हे वेगळे सांगणे कठीण आहे. त्याच रांगेतील एक शिखर विल्सनच्या टोपणनावावरून ‘बिग टॉम’ म्हणून ओळखले जाते. स्थानिक माणसाचे नाव डोंगराला मिळण्याचे हे खरे तर अधिक नेमके उदाहरण होय.

क्लिंगमन यांच्या वाट्याला ग्रेट स्मोकी पर्वतातील शिखर आले. ‘क्लिंगमन्स डोम’ हे नाव भूगोलज्ञ आर्नल्ड गियो यांनी दिले. मात्र तेथे चेरोकी लोकांचे जुने नाव आधीपासूनच होते. या जमातीच्या मागणीवरून सप्टेंबर २०२४ मध्ये मंडळाने ‘कुवोही’, म्हणजे तुतीचे ठिकाण, हे नाव पुन्हा मान्य केले.