नळी रिकामी, जागा मात्र धरलेली: वायुवाहिनीतल्या क्षमतेच्या फेरविक्रीची पार्श्वभूमी

जालन्याच्या बसस्थानकात परभणीची गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडक्यांतून रुमाल, टोप्या, एखादी पिशवी आत पडते. चढणाऱ्याला अर्धी गाडी रिकामी दिसते, पण बसायला एक जागा नाही. रुमालवाला येतो, कधी येतही नाही, आणि गाडी उभ्या माणसांसकट निघते. नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनीतही जवळपास हेच चालतं. फरक एवढाच की तिथे रुमालाचे पैसे मोजलेले असतात आणि तो पंधरा-वीस वर्षांसाठी टाकलेला असतो. ही धरलेली पण न वापरलेली जागा दुसऱ्याला कशी मिळावी, कोणत्या भावाने आणि कोणाच्या देखरेखीखाली, या प्रश्नाला चाळीस वर्षांचा इतिहास आहे. समृद्धी महामार्गालगत पाइपलाइनचं काम निघाल्यापासून तो मराठवाड्याच्याही दाराशी आला आहे.

आधी दाराची गोष्ट. गेल या सरकारी वायू कंपनीच्या मुंबई–नागपूर–झारसुगुडा या सुमारे 1,700 किलोमीटरच्या पाइपलाइनला 2020 मध्ये नियामकाची मंजुरी मिळाली. महाराष्ट्रातला तिचा पावणेसातशे किलोमीटरचा टप्पा समृद्धीच्या कडेनेच टाकायचं ठरलं, त्यामुळे शेताशेतातून वाट मागत फिरण्याचा बराच व्याप वाचला. तोवर मराठवाड्यातल्या पंपांवर गॅस यायचा तो मुख्यतः ट्रकवरून. मोठ्या वाहिनीजवळच्या मदर स्टेशनवर सिलिंडरांची चळत भरायची आणि इकडे आणून रिकामी करायची. लातूर-धाराशिवचा वितरण परवाना युनिसन एन्व्हायरो या कंपनीकडे होता. फेब्रुवारी 2024 मध्ये महानगर गॅसने ती कंपनीच घेतली. ट्रकला उशीर झाला की रिक्षांची रांग रस्त्यावर यायची. अशाच एका रांगेत तासभर उभं राहून मी वैतागलो, तर पुढचा रिक्षावाला शांतपणे म्हणाला, "गॅस संपला नाही भाऊ, गाडी आली नाही."

सगळा विषय त्याच्या या वाक्यात आहे. वायू ही एक वस्तू, आणि तो आणण्याची सोय ही दुसरी. दोन्हींचा भाव वेगळा आणि टंचाईही वेगळी.

हे वेगळेपण मान्य करायला अमेरिकेला जवळपास अर्धं शतक लागलं. 1938 च्या नैसर्गिक वायू कायद्याखाली तिथली पाइपलाइन कंपनी विहिरीवर वायू घ्यायची, वाहून न्यायची आणि दुसऱ्या टोकाला शहराच्या वितरकाला विकायची. मालाची किंमत आणि भाडं एकाच बिलात. पुढे विहिरीवरचा भावही सरकारने बांधला आणि तो इतका खाली ठेवला की नवीन विहिरी खणण्यात कोणाला रस उरला नाही. 1976–77 च्या कडक हिवाळ्यात टंचाई इतकी झाली की ठिकठिकाणी कारखाने आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. हबकलेल्या कंपन्यांनी मग मिळेल त्या भावाने लांब मुदतीचे करार केले. अट अशी की माल उचला अगर उचलू नका, पैसे द्यावेच लागतील. 1980 च्या दशकात मागणी पडली, भाव उतरले आणि हे करार कंपन्यांच्या गळ्यात धोंड होऊन बसले. ग्राहक म्हणू लागले, वायू आम्ही बाहेरून स्वस्तात घेतो, तुम्ही फक्त वाहून द्या.

ऑक्टोबर 1985 मध्ये तिथल्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाने आदेश क्रमांक 436 काढून ही वाट उघडली, पण ती ऐच्छिक होती. 8 एप्रिल 1992 चा आदेश 636 मात्र सक्तीचा होता. विक्री आणि वहन वेगळं करा, आणि ज्याने नळीतली जागा धरली आहे त्याला ती सोडता किंवा दुसऱ्याला देता येईल अशी व्यवस्था करा, असं त्यात होतं. फेरविक्रीचा अधिकृत बाजार इथून सुरू झाला.

त्याआधीही काही वाहिन्यांवर जागेची दलाली चालायची. पण कोणी कोणाला काय भावाने दिली, सोयऱ्याला स्वस्त आणि परक्याला महाग दिली का, हे बाहेर कोणाला कळत नसे. म्हणून 636 ने दलालीऐवजी फळा आणला. सोडलेली जागा पाइपलाइन कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक सूचनाफलकावर लावायची, बोली मागवायची, आणि नव्या घेणाऱ्याने थेट पाइपलाइन कंपनीशी करार करायचा. जेमतेम महिनाभराच्या व्यवहारांना बोलीतून सूट, पण नोंद फलकावर पाहिजेच. शिवाय ज्याच्या नावावर जागा, त्याच्याच मालकीचा वायू त्या जागेतून गेला पाहिजे. त्यामुळे नावापुरती जागा घेऊन मागच्या दाराने भाड्याने देण्याला आळा बसला. जागा विकण्याच्या मुभेची चर्चा फार होते, पण माझ्या मते 636 चं खरं काम हा फळा होता. फळा नसतानाही विक्री होतच होती, भाव मात्र कोणाला दिसत नव्हता.

एक चूक मात्र राहिली. फेरविक्रीचा भाव पाइपलाइनच्या मंजूर दरापेक्षा वर जाऊ द्यायचा नाही, असं झाकण घातलं होतं. कडाक्याच्या थंडीत नळीतल्या जागेला सोन्याचा भाव यायचा, तेव्हा जागा धरून बसलेला ती मंजूर दराने कशाला सोडेल? तो त्याच जागेतून स्वतःचा वायू न्यायचा आणि पलीकडे 'पोहोच' भावाने विकायचा. जागेचा चढा भाव वायूच्या भावात मिसळून जायचा, नियम मोडला असं कोणी म्हणू शकत नसे. फेब्रुवारी 2000 मध्ये आदेश 637 ने वर्षाच्या आतल्या व्यवहारांवरचं झाकण सप्टेंबर 2002 पर्यंत प्रयोग म्हणून काढलं. वेळ नेमकी वाईट निघाली. पुढच्याच हिवाळ्यात कॅलिफोर्नियात वीज आणि वायूचे भाव भडकले. एल पासो या पाइपलाइन कंपनीची मोठी क्षमता तिच्याच व्यापारी भावंडाकडे होती, आणि वायू अडवून भाव चढवल्याचा आरोप झाला. 2003 मध्ये सुमारे 1.7 अब्ज डॉलरची तडजोड झाली. जून 2008 मध्ये आदेश 712 ने अल्पमुदतीच्या फेरविक्रीवरचं झाकण कायमचं काढलं. लांब मुदतीच्या व्यवहारांवर ते राहिलं.

युरोपने दुसरं टोक धरलं. वापरत नसाल तर जागा जाईल, हे तत्त्व 2012 च्या नियमांत आलं आणि 2013 पासून प्रिस्मा या सामाईक मंचावर अनेक देशांच्या वाहिन्यांतली जागा लिलावाने मिळू लागली.

आपल्याला जास्त उपयोगी उदाहरण मला ऑस्ट्रेलियाचं वाटतं. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर वायूचे मोठे ग्राहक मोजकेच, अंतरं अवाढव्य, आणि अनेक पाइपलाइनींची क्षमता कागदावर पूर्ण विकलेली. 2015 पासून क्वीन्सलँडमधून द्रवरूप वायूची निर्यात सुरू झाली आणि देशातले कारखाने भावाने हैराण झाले. चौकशा झाल्या, तेव्हा आढळलं की करारात भरलेल्या नळ्या प्रत्यक्षात अनेक दिवस रिकाम्या धावतात. फेरविक्रीला बंदी नव्हती, पण विकण्याची गरजही कोणाला नव्हती. प्रतिस्पर्ध्याला जागा देऊन चार पैसे कमवायचे, त्यापेक्षा ती रिकामी ठेवणं सोयीचं. मायकल व्हर्टिगन यांच्या नेतृत्वाखालच्या सुधारणा गटाने नियम आखले आणि 1 मार्च 2019 पासून दोन गोष्टी लागू झाल्या. एक, ऐच्छिक खरेदी-विक्रीचा मंच. दुसरी गोष्ट जास्त धीट: उद्या किती वायू पाठवणार हे जागाधारकाने आज ठरलेल्या वेळेपर्यंत कळवायचं, आणि उरलेली जागा त्याला न विचारता लिलावात जाणार. किमान बोली शून्य. लिलावाचा पैसा जागाधारकाला नाही, पाइपलाइन कंपनीला. मूळ धारकाला ऐनवेळी गरज पडली तर त्याचा हक्क वरचढ, म्हणून लिलावात घेतलेली जागा दुय्यम दर्जाची. जागा अडवून धरण्यातला फायदाच गेला, कारण आदल्या दिवशी ती हातातून सुटणारच.

आता आपल्याकडे. गेलची स्थापना 1984 ची, आणि हजिरा–विजयपूर–जगदीशपूर वाहिनीपासून वायू आणि वहन एकाच घरात राहिलं. 2006 च्या कायद्याने पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ आलं. 2008 च्या नियमांनी वाहिनीच्या एकूण क्षमतेचा पाव हिस्सा सामाईक वहनासाठी, म्हणजे वर्षाच्या आतल्या बुकिंगसाठी, सगळ्यांना खुला ठेवायला सांगितलं. कागदावर हे चांगलंच होतं. पण देशातला सगळ्यांत मोठा वाहकच वायूचा सगळ्यांत मोठा विक्रेताही असेल, तर लहान ग्राहक जागा मागायला कोणाच्या दारात जाणार?

रिकाम्या नळीचं भारतातलं मोठं उदाहरण काकीनाडा ते भरूच या सुमारे 1,400 किलोमीटरच्या पूर्व–पश्चिम वाहिनीचं. 2009 मध्ये ती कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-6 या वायुक्षेत्राच्या वायूसाठी सुरू झाली. 2010 मध्ये तिथलं उत्पादन दिवसाला 60 दशलक्ष घनमीटरच्या घरात होतं, काही वर्षांतच ते 10 च्या खाली आलं. आंध्र, तेलंगण, कर्नाटक, महाराष्ट्र ओलांडून गुजरातेत जाणारी ही नळी बरीच वर्षं बहुतांशी रिकामी धावली, आणि 2019 मध्ये ब्रूकफिल्ड या गुंतवणूक कंपनीच्या न्यासाकडे गेली. तिथे अडचण जागेची नव्हती, वायूची होती. फेरविक्रीचा नियम करताना हा फरक विसरून चालत नाही.

15 जून 2020 रोजी इंडियन गॅस एक्स्चेंज हा वायूच्या खरेदी-विक्रीचा ऑनलाइन बाजार सुरू झाला आणि गोष्ट उलटी झाली. पडद्यावर वायू घेता येऊ लागला, पण तो आणायला नळीत जागा हवीच. 1 फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पी भाषणात सर्व वाहिन्यांतल्या सामाईक क्षमतेच्या बुकिंगसाठी स्वतंत्र वायू वहन चालक नेमण्याची घोषणा झाली. वहन आणि विक्रीची फारकत करण्याचाच हा मार्ग होता, पण 2024 सालीही तो कागदावरच होता.

दराच्या बाबतीत मात्र काम पुढे सरकलं. पूर्वी वायू तीन कंपन्यांच्या वाहिन्यांतून आला तर तीन भाडी पडायची. जुन्या माणसांना मनमाड आठवेल. निजामाच्या काळात 1900 साली आलेली मीटरगेज तिथे ब्रॉडगेजला मिळायची, आणि मराठवाड्याचा माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. अंतर तेवढंच, खर्च दुप्पट. 1 एप्रिल 2023 पासून एकत्रित वहनदर आला. सुरुवातीला टप्पे तीन होते: 300 किलोमीटरपर्यंत, 1,200 पर्यंत आणि त्यापुढे. मुंबईच्या अंगाने आलेला वायूही जालन्याला पोहोचेपर्यंत पहिला टप्पा ओलांडतो, तरी प्रत्येक सांध्यावर नवं भाडं पडत नाही. फेरविक्रीच्या दृष्टीने याचा फायदा असा की वेगवेगळ्या नळ्यांतल्या जागेची तुलना सोपी होते. त्याआधी एप्रिल 2022 मध्ये महाराष्ट्राने नैसर्गिक वायूवरचा व्हॅट 13.5 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणला होता. वायू जीएसटीबाहेर असल्याने ही सवलत कारखानदाराला थेट जाणवली.

हक्क विकता येतो असं कायद्यात लिहिलं की बाजार उभा राहतो, यावर मराठवाड्याने तरी पटकन विश्वास ठेवू नये. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2005 च्या कायद्यात पाण्याचा हक्क हंगामापुरता विकता, बदलता येईल अशी तरतूद आहे. जायकवाडीच्या कालव्यावर असा उघड बाजार माझ्या तरी पाहण्यात नाही. शेवटच्या चारीला पाणी किती आलं हेच नीट मोजलं जात नाही, तिथे विकणार काय? भांडण होतं ते वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचं, आणि ते कोर्टात जातं. वायूचं एक बरं आहे, नळीतला प्रत्येक घनमीटर मोजला जातो. पण मोजलेला आकडा आदल्या दिवशी सगळ्यांना दिसणं, ही वेगळी पायरी आहे.

जालन्यातला सळईचा कारखाना मागणीप्रमाणे चालतो. बांधकामाच्या दिवसांत तीन पाळ्या, पावसाळ्यात जेमतेम एक. पुन्हा तापवायच्या भट्टीला गॅस परवडेल का, हे तो बघतो, पण वीस वर्षांची जागा त्याला नको, पुढच्या पंधरा दिवसांची हवी. वाळूज-शेंद्र्यातल्या रंगकाम करणाऱ्या लहान कारखान्यांचंही असंच आहे. शहरी वितरकाकडून गॅस घेतला तर त्याला एकच पोहोच दर सांगितला जातो. त्यात वायूचे किती, नळीचे किती आणि कोणाच्या तरी रुमालाचे किती, हे बिलावर येत नाही.