तापलेल्या गावाखालचा गारठलेला समुद्र

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम भागात, ब्रोकन हिलपासून सुमारे २५० किलोमीटरवर व्हाइट क्लिफ्स नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम १५० माणसांची. वर्षाचा पाऊस २५० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या माणदेशापेक्षाही कितीतरी कमी. उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. लांबून पाहिलं तर घरं थोडी आणि पांढऱ्या मातीचे ढिगारेच जास्त दिसतात, कारण बरीचशी घरं टेकडीच्या पोटात आहेत.

ते ढिगारे ओपलच्या खाणींतून निघालेले. १८८९ मध्ये कांगारूंची शिकार करत हिंडणाऱ्यांना इथे रंग खेळणारे दगड सापडले आणि काही वर्षांतच या उजाड माळावर हजारो लोक येऊन राहिले. बांधायला लाकूड नाही, सावलीला झाड नाही. वर पत्र्याखाली भाजून निघण्यापेक्षा खाली खोदलेल्या बोगद्यातच अंथरूण टाकलेलं बरं, हे खाणकामगारांना लवकरच उमगलं. आजही या घरांच्या भिंतींवर खोदकामाचे वळ दिसतात. भुकटी झडू नये म्हणून त्यांवर पातळ लेप देतात आणि हवेसाठी छतातून वरपर्यंत भोक पाडतात. आतलं तापमान बारा महिने २२ अंशांच्या आसपास.

ज्यांनी लहानपणी आडावर अंघोळ केली आहे, त्यांना यामागचं विज्ञान अंगानेच कळलेलं आहे. पौषातल्या पहाटे शेंदलेलं पाणी कोमट लागतं आणि वैशाखात तेच गार. पाणी जवळपास तेवढंच असतं, बदलते ती आपल्या भोवतीची हवा. जमिनीतून उष्णता फार संथ सरकते. दिवसाचं तापणं आणि रात्रीचं निवणं वरच्या हातभर मातीतच विरून जातं. उन्हाळ्या-हिवाळ्याची लाट आणखी काही मीटर खाली उतरते, पण उतरता उतरता ती क्षीण होते आणि मागेही पडते. सात-आठ मीटर खोलीवर उन्हाळ्याची उरलीसुरली ऊब पोहोचते, तेव्हा वर हिवाळा चालू असतो! त्याच्याही खाली उरते ती जवळजवळ वर्षभराची सरासरी. खाणकामगारांनी कुठलंही गणित न मांडता त्या सरासरीत घर केलं.

वरचं ऊनही वाया गेलं नाही. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी इथे प्रत्येकी ५ मीटर व्यासाच्या १४ आरसेबंद तबकड्या उभारल्या. सूर्यामागे वळणाऱ्या या तबकड्या ऊन एका बिंदूवर गोळा करत, त्यावर पाण्याची वाफ होई आणि त्या वाफेवर इंजिन चाले. क्षमता २५ किलोवॅट. आज हा आकडा किरकोळ वाटेल, पण तारेची वीज न पोहोचलेल्या गावात त्यावर दिवे लागले. सौरऊर्जेच्या इतिहासात या गावाचं नाव याहून मोठ्या अक्षरांत असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आता त्या दगडाकडे वळू. ओपल म्हणजे मुळात सिलिका, आपली गारगोटी ज्याची असते तेच. फरक इतकाच की यात थोडं पाणी अडकलेलं असतं आणि स्फटिकांऐवजी सूक्ष्म गोळे असतात. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहिले: लाडू ओळीने रचावेत तसे एकसारखे गोळे, प्रत्येक मिलिमीटरच्या काही दशसहस्रांश भागाएवढा. या रचनेवर पडलेला प्रकाश विवर्तनामुळे, म्हणजे गोळ्यांच्या नियमित ओळींतून वळून पसरल्यामुळे, रंगारंगांत फुटतो. दगड बोटांत धरून किंचित कलता केला, की मघा लाल दिसणारा ठिपका हिरवा होतो. गोळे लहान असतील तर निळाच रंग मिळतो. लाल यायला मोठे गोळे लागतात, म्हणून लाल ओपल दुर्मीळ. आणि गोळे लहानमोठे, कसेही रचलेले असतील तर रंग उमटतच नाही. असा फिका दगड ढिगाऱ्यावर जातो.

सिलिका विरघळलेलं पाणी खडकातल्या पोकळ्यांत उतरलं आणि जिथे जागा मिळाली तिथे ओपल साचला. शिंपल्यांच्या जागी साचला, प्लेसिओसॉर या समुद्री सरीसृपाच्या हाडांतही साचला. कारण सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता.

याच समुद्राच्या गाळात व्हाइट क्लिफ्सचं सर्वांत विलक्षण ओपल सापडतं. चहूबाजूंनी टोकं आलेलं, मुठीत मावेल असं. खाणकामगार त्याला अननस म्हणतात. हा आकार ओपलचा स्वतःचा नाही. आधी तिथे दुसऱ्याच खनिजाचे स्फटिक होते. ते नाहीसे झाले आणि त्यांचा साचा ओपलने भरून काढला. ते मूळचं खनिज कोणतं, यावर बरीच वर्षं मतभेद होते. शेवटी बोट ठेवलं गेलं ते इकाइटवर.

इकाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे सहा रेणू. ते सापडतं ग्रीनलंडच्या इक्का फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाडीत, आणि अशाच गोठणबिंदूजवळच्या पाण्यात. म्हणजे इथला समुद्रही तसाच गारठलेला असणार. ऑस्ट्रेलिया त्या काळी आजच्यापेक्षा खूप दक्षिणेला, ध्रुवाजवळ होता. डायनोसॉरच्या काळातली पृथ्वी सगळीकडे उबदार होती ही समजूत या एका दगडासमोर टिकत नाही.

ग्रीनलंडचा इकाइट पाण्याबाहेर उबेत आणला, की स्फटिक ढासळतो आणि हाती उरतो पांढरा ओला लगदा. व्हाइट क्लिफ्समध्ये मात्र त्याचीच टोकं, त्याच कडा शाबूत आहेत, आणि वर माळावर चाळीस अंशांचं ऊन आहे.