सहाव्या वर्षी येणारी दाढ दुधाची नसते

“दुधाचीच दाढ आहे, पडणारच की. तिच्यावर कशाला खर्च?” कोल्हापुरात हे आज्जीपासून शिकल्यासवरल्या बापापर्यंत इतक्या जणांच्या तोंडून ऐकते की आता राहवत नाही. दुधाचे दात आणि पक्के दात यांतला फरक सगळ्यांना माहीत असतो, पण एका दाढेपाशी घरोघरी गफलत होते. आणि नेमकी तीच दाढ मुलाला आयुष्यभर पुरवायची असते.

ठाऊक असलेलं उरकून टाकू. दुधाचे दात २०, पक्के ३२. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे २० येतात. सहा-सात वर्षांचं झालं की पुढचे हलू लागतात. नवे दात जुन्यांपेक्षा पिवळसर दिसतात, त्यांची कड करवतीसारखी असते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आधी दात पडतो, मग त्याच जागी नवा येतो, हे आपण पुढच्या दातांवरून शिकतो आणि सगळ्या तोंडाला लावतो. पहिली पक्की दाढ तशी येतच नाही. साधारण सहाव्या वर्षी ती शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, मोकळ्या हिरडीतून वर येते. तिच्यासाठी काही पडत नाही, काही हलत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताही लागत नाही. त्यात तिची ठेवण शेजारच्या दुधाच्या दाढेसारखीच, फक्त आकारानं मोठी. नुसतं बघून ओळखायला जाल तर फसाल. म्हणून मोजा.

जबड्याच्या मधोमध बोट ठेवा आणि एका बाजूला मोजत जा. पहिले दोन पटाशीचे, तिसरा सुळा, चौथी आणि पाचवी दुधाच्या दाढा. सहावी दिसली की ती पक्की. मधला एखादा दात पडला असेल तर रिकामी जागाही मोजायची. दुधाच्या दातांत सहावी जागाच नाही, त्यामुळे शंका घ्यायचं कारण नाही. वर दोन, खाली दोन, अशा या चार. यातली एखादी किडून काढावी लागली तर तिच्या जागी दुसरी येणार नाही. सहा वर्षांच्या पोराची पक्की दाढ “दुधाची” समजून किडू देणं मला अजिबात पटत नाही.

चौथी-पाचवी खरोखर दुधाची असली, तरी “पडणारच” हा हिशोब चुकतोच. पुढचे दात सातव्या वर्षाच्या आसपास पडतात, या दाढा मात्र १० ते १२ वर्षांपर्यंत राहतात. पाच वर्षांच्या मुलाची पाचवी किडली तर तिनं अजून पाच-सहा वर्षं चावायचं आहे. ती लवकर काढली की मागची सहावी पुढे सरकते आणि तिच्या जागी नंतर येणाऱ्या पक्क्या उपदाढेची जागा अडवते. मग दात वाकडे येतात आणि तारा लावायची वेळ येते. दाढ काढावीच लागली तर स्पेस मेंटेनर, म्हणजे रिकामी जागा धरून ठेवणारं छोटं साधन, बसवायचं का, हे त्याच दिवशी विचारा.

“गूळ नैसर्गिक, त्यानं दात किडत नाहीत,” हेही आपल्याकडे फार चालतं. गूळही मुख्यतः साखरच आहे, आणि गुऱ्हाळावरची काकवी दाढेच्या खाचांत चिकटून बसते. जेवणाबरोबर खुशाल द्या, पण दिवसभर तोंडात गुळाचा खडा नको. झोपताना दुधाची बाटलीही तोंडात नको, मग दूध कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण असो की पिशवीतलं.

वर येत असताना सहावी दाढ शेजारच्या दाढेपेक्षा बुटकी असते, त्यामुळे ब्रश तिच्यावरून नुसता निघून जातो. गालाच्या बाजूनं ब्रश आडवा आत घालून तिच्यावर फिरवा, रात्री झोपण्याआधी, आणि तुमच्या हातानं. सात-आठ वर्षांपर्यंत हे काम मुलावर सोडू नका. पेस्ट फ्लोराइडची हवी: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी.

दाढ पूर्ण वर आली की तिच्या खाचा सीलंटनं, म्हणजे पातळ संरक्षक थरानं, बंद करायच्या का, हे दातांच्या डॉक्टरांना विचारा. त्यासाठी दाढ कोरावी लागत नाही, सुई टोचावी लागत नाही. पण हे कीड लागायच्या आधीच करायचं असतं, म्हणून सहावा वाढदिवस जवळ आला की अधूनमधून टॉर्च लावून पाचवीच्या मागे बघत जा.